मनकर्णाबाईनं बाई लावली

मनकर्णाबाईच्या घरात कामाला बाई लावायची की नाही, या एका प्रश्नावर पावसाळाभर धुसफूस चालली होती. घर भंडाऱ्यात, खात रोडच्या मागच्या लेआउटमध्ये. मुलगा सुगत सरकारी कचेरीत बाबू, सून रीना दवाखान्यात नर्स. दोघं सकाळी निघून गेली की घरात उरायचे तिघे: मनकर्णाबाई, तिचा दुखरा गुडघा आणि भिंतीवरच्या फोटोतला तिचा नवरा तेजराम. आषाढात न्हाणीत तिचा पाय घसरला आणि गुडघा कामातून गेला. उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं. आता उकिडवं न बसता फरशी कशी पुसायची? रीनानं काठीचा पोछा आणून दिला, तर म्हातारीनं तो दाराआड उभा करून ठेवला. उभ्यानं पुसलेली फरशी आणि उभ्यानं खाल्लेलं जेवण अंगी लागत नाही, हे तिचं मत.

"आई, भांडे-फरशीपुरती एक बाई लावू," रीना म्हणायची.

"माझ्या घरात बाई येनार नाई. मी मेल्यावर लावजा."

तरी रीनानं तीन बाया आणून उभ्या केल्या. पहिलीचा आवाज मोठा म्हणून ती गेली. दुसरी नको तितकं हसते म्हणून गेली. तिसरीत काहीच खोट सापडेना, तेव्हा मनकर्णाबाईनं तिच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हिचे पाय लय मोठे हायेत, असं सांगून तिलाही वाटेला लावलं. सुगत कपाळाला हात लावून बसला. आईला माणूसच नको, तिला नुसतं भांडण हवं, असं तो बायकोला म्हणाला आणि चुकला. त्याच्या आईला काय हवं होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मनकर्णाबाईचा हिशेब सरळ होता. घरात बाई लावणं म्हणजे आळ ठेवायला एक डोकं आणून ठेवणं. उद्या एक चमचा दिसला नाही, तर आधी कुणाकडं बघतील? सुनेकडं नाही, लेकाकडं नाही. झाडू मारणाऱ्या बाईकडं. चमचा पुढं गादीखाली सापडतो, पण तोवर त्या बाईचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हे तिच्या अंगावरून गेलं होतं.

तीसेक वर्षांपूर्वी ती वैनगंगेच्या पलीकडे, कारध्यात राहायची. नवा संसार, कडेवर दोन वर्षांचा सुगत. तेजराम मिळेल ते काम करायचा आणि ही केवळराम नावाच्या मोठ्या शेतकऱ्याकडं शेणगोठा, अंगण आणि हंगामात धान उफणायला जायची. घराच्या आत तिला कधी कुणी घेतलं नाही. तिची हद्द गोठ्यापासून खळ्यापर्यंत. केवळरामची बायको गोदावरीबाई किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून ओसरीवर उभी राहायची आणि तिथूनच हुकूम सोडायची.

त्या वर्षी पहिल्या गाडीचं धान घरात भरलं आणि गोदावरीबाईचा पितळेचा गंज दिसेना. काठाला दोन वळ्या असलेलं ते जड भांडं तिच्या माहेरचं. शोधाशोध झाली. मग केवळरामनं दुसऱ्या गावचा एक जाणता बोलावला. त्यानं मूठभर तांदळावर काहीबाही पुटपुटून चार मजुरांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवले. चावायचे आणि पळसाच्या पानावर थुंकायचे. ज्याचा चोथा ओला, तो साव. ज्याच्या तोंडातून दाणे कोरडे पडतील, तो चोर. मनकर्णा सकाळपासून उन्हात धान उफणत होती, घशात कोंडा बसला होता, आणि सगळं गाव खळ्याभोवती गोळा झालेलं. भल्याभल्याच्या तोंडचं पाणी पळालं असतं. तिच्या पानावर दाणे पडले ते तांदळाच्या कण्यांसारखे, कोरडे ठणठणीत.

"तुमच्या लोकाइले घरात घेतलं, थेच चुकलं," गोदावरीबाई ओसरीवरून म्हणाली.

घरात! जिला कधी उंबरा ओलांडू दिला नाही, तिला. आणि एक गोष्ट मनकर्णानं तेव्हाच मनाशी गाठ मारून ठेवली. तांदूळ फक्त मजुरांनी चावले होते. त्या घरातल्या एकाही माणसाच्या हातावर जाणत्यानं दाणा ठेवला नव्हता. जणू चोरी करायला बाहेरचाच जीव लागतो.

पुढं व्हायचं ते झालं. तिला बघून पोट्टे "गंजचोट्टी" म्हणून ओरडायला लागले. काम बंद झालं. महिन्याभरात तेजरामनं बोजा बांधला आणि दोघं भंडाऱ्याला निघाली. कारध्याच्या पुलावर मध्येच तेजराम थांबला आणि नदीकडं बघत म्हणाला, "खरं सांग, घेतला होता का? मी काई बोलनार नाई तुले."

तिनं उत्तर दिलं नाही. गाव काय, गाव कुत्र्यासारखं भुंकतंच. पण यानं विचारलंच कसं? तेजरामनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. तीच त्याची शिक्षा, असं तिनं ठरवलं होतं. पुढं तो राइस मिलमध्ये हमाली करायला लागला, मशीनच्या खडखडाटानं त्याचे कान गेले. मग तर सांगायचं म्हटलं तरी ओरडून सांगावं लागलं असतं आणि ते शेजारपाजारानं ऐकलं असतं. तो तसाच, उत्तर न मिळता, एका हिवाळ्यात गेला. शिक्षा देणाऱ्याचं काय झालं, ते कुणी विचारू नये.

मनकर्णानं भंडाऱ्यात विटा वाहिल्या, बाजारात भाजीचं दुकान मांडलं, पण कुणाच्या घरी भांड्याला गेली नाही. सुगतचा पहिला पगार हातात आला तेव्हा ती एकटीच उठून पितळेच्या दुकानात गेली आणि एक गंज घेऊन आली. काठाला दोन वळ्या असलेला, अगदी तसाच. त्यात कधी काही शिजलं नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवर तो नुसता मांडून ठेवलेला. दर आठवड्याला ती स्वतः चिंचेनं घासून त्याला आरशासारखा करायची. आईला भांड्यांची हौस, असं सुगतला वाटायचं. वाटू द्यावं.

तर अशा घरात, पोळा होऊन गेल्यावर, रीनानं चौथी बाई आणली. तिशीची, सडसडीत, ओढणी कमरेला बांधलेली. नाव खुशबू. मनकर्णाबाई खुर्चीत बसून तिचे पाय बघायलाच निघाली होती, पण आधी तिनं सवयीनं विचारलं.

"कुटची वो तू?"

"कारध्याची, काकू."

मनकर्णाबाईचा हात गुडघ्यावरच थांबला. "कोनाच्या घरची?"

"केवळरामजीची सून. ते तं गेले, लय वर्षं झाले. सासूबाई हाये, गोदावरीबाई. माह्या मालकाची कंबर गेली, ट्रॅक्टर उलटला तवापासून. घरीच असते."

"एवढी शेती होती तुमची."

"शेती रोडात गेली, अन् रोडाचा पैसा धाब्यात गेला," खुशबू म्हणाली आणि चक्क हसली. धाबाही आता नाही, हे सांगायची गरज नव्हती.

"उद्यापासून ये," मनकर्णाबाई म्हणाली.

रीनाचा आ वासला तो वासलेलाच राहिला. संध्याकाळी सुगतनं आईच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. मनकर्णाबाईनं तो हात झटकला, तेजरामचा फोटो भिंतीवरून काढून पदरानं पुसला आणि परत लावताना त्याला म्हणाली, "पाह्य आता." देव आहे की नाही ते तिला ठाऊक नव्हतं, धम्मात त्याची गरजही नव्हती. पण कुणीतरी तिच्या दारात त्या घरची सून आणून उभी केली होती, एवढं मात्र खरं. आयतं आलेलं उट्टं सोडून द्यायला ती काही संत नव्हती.

डाव तिच्या डोक्यात पहिल्याच दिवशी पुरा तयार झाला. गंज लपवायचा. आळ खुशबूवर घालायचा. तिच्या सासूला पुलाच्या अलीकडे बोलावून घ्यायचं आणि तांदूळ मांडायचे. त्या घरातल्यांनी तेव्हा चावले नव्हते ना? आता चावतील. शेजारीपाजारी बघतील. गोदावरीबाईच्या तोंडातून कोरडे दाणे पडताना एकदा बघायचं होतं तिला, बस. मग लोक म्हणोत काही.

आता उट्टं काढायला इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी थोडे दिवस काय जड जाणार? पण जड गेले, आणि त्याला कारण ती खुशबूच. मनकर्णाबाईनं तिच्यासाठी वेगळा कप काढून खिडकीत ठेवला होता. आपल्याला त्या गावात कशात चहा मिळायचा ते तिला दाखवायचं होतं. पहिल्या दिवशी खुशबूनं चहा गाळला, मांडणीवरचे हाताला लागतील ते दोन कप घेतले, एक मनकर्णाबाईला दिला, दुसऱ्यातला आपण पायरीवर बसून प्याली आणि दोन्ही विसळून ठेवले. खिडकीतला कप तिनं पाहिलाच नाही. आठवडाभरानं तर तिनं कुणी न सांगता तेल कोमट केलं आणि मनकर्णाबाईचा गुडघा मांडीवर घेऊन चोळायला बसली. मनकर्णाबाईला बरं वाटलं आणि बरं वाटलं याचाच तिला भयंकर संताप आला. राग असा पातळ व्हायला लागला की ती उठायची, गंज खाली काढायची आणि चिंच घेऊन घासत बसायची. घासून झालं की राग पुन्हा जागेवर.

पण कधी कधी आग विझत आली की लाकूड आपणहून पुढं सरकतं. एके दिवशी फरशी पुसता पुसता खुशबू म्हणाली, "सासूबाईनं गावात सांगून ठेवलं हाये, सून दवाखान्यातल्या मॅडमपाशी काम करते म्हनून. लोकाइचे भांडे घासते म्हनाची लाज वाटते तिले."

"मंग कोनाच्या घरी काम करते, थे नाई सांगितलं तू?"

"इचारतच नाई नं काकू. इचारलं तं आयकाव लागन."

मनकर्णाबाईनं फळीवरच्या गंजाकडं पाहिलं. लाज वाटते म्हणे. ज्या बाईला दुसऱ्याच्या नावाला काळं फासताना काही वाटलं नाही, तिला आपल्या घरच्या हातांना लागलेल्या राखेची लाज. झालं, ठरलं.

पुढच्याच रविवारी सुगत आणि रीना साकोलीला लग्नाला गेली. मनकर्णाबाईनं गुडघा पुढं केला आणि घरी राहिली. दोघं फाटकाबाहेर पडली तसा तिनं फळीवरचा गंज उतरवला आणि स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या कोठीत, हात कोपरापर्यंत घालून, तळाशी दाबून ठेवला. वरून तांदूळ सारखे केले. दुसरी जागा सुचली नाही म्हणून तिथं ठेवला, इतकंच. हात झटकून ती खुर्चीत येऊन बसली.

खुशबू आली, झाडून झालं, पोछ्याची बादली भरली.

"खुशबू, माहा गंज कुटं हाये?"

"फळीवरच असन नं काकू." तिनं वर पाहिलं. फळी मोकळी. "काल तं होता."

"काल होता, आज नाई. घरात तू, अन् मी. मी तं चोरनार नाई माहाच गंज."

खुशबूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो रंग मनकर्णाबाई ओळखून होती. क्षणभर तिला वाटलं, इथंच थांबावं. पण ती थांबली नाही. तिनं खिडकीतून समोरच्या उषाबाईला हाक मारली. उषाबाई अशी की हाक अर्ध्यावर असतानाच दारात हजर, आणि येताना आणखी तिघी घेऊन आली.

"पोलिसात द्या हिले," उषाबाईनं आल्या आल्या निकाल लावून टाकला. "या बायांवर भरोसाच नाई राहिला."

"पोलीस नोको. हिच्या गावची रीत हाये. तांदूळ चावाचे. हिच्या सासूले बोलाव, तिच्या समोर होऊ दे."

"अवो, पन तुमी तं बुद्धाचे. तुमी मानता का असं काई?"

"मी नाई मानत," मनकर्णाबाई म्हणाली. "पन थे मानते."

खुशबूनं फोन लावला. ती रडली नाही, नुसती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मनकर्णाबाईनं स्टीलच्या ताटलीत मूठभर तांदूळ काढून मधोमध टीपॉयवर ठेवले.

ऑटो थांबला आणि गोदावरीबाई उतरली. मनकर्णाबाईला वाटत होतं, किल्ल्या वाजतील. किल्ल्या कुठल्या? पायात रबरी चपला, विटलेलं लुगडं, तोंडात पुढचे दोन-तीन दात. पण जीभ तीच होती.

"माह्या सुनेवर आळ घेते? कोन होय वो तू?"

"मनकर्णा. तेजरामची."

गोदावरीबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं ताटलीतल्या तांदळाकडं पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडं. उषाबाई आणि बाकीच्या बाया कान टवकारून उभ्या होत्या, त्यांना काही कळत नव्हतं, पण काहीतरी मोठं आहे एवढं कळत होतं.

"पितळेचा गंज गेला माहा, गोदावरीबाई," मनकर्णाबाई म्हणाली. तिनं जन्मात पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली होती आणि ते नाव तिच्या जिभेला गोड लागलं. "काठाले दोन वळ्या होत्या. चावू दे सुनेले तांदूळ. साव असन तं भेव कायचं?"

"आण तं," खुशबू पुढं झाली.

"तू नोको." गोदावरीबाईनं तिला हातानं मागं सारलं. "मी चावतो."

हेच तर पाहिजे होतं. आपण ओढून न आणता ती आपल्या पायानं आली. मनकर्णाबाईच्या छातीत आनंदानं ढोल वाजायला लागला आणि ते मी लपवून सांगत नाही, तिला खरोखरच आनंद झाला होता. गोदावरीबाईनं चिमूटभर तांदूळ तोंडात टाकले. चावायला दातच नव्हते. ती हिरड्यांवर दाणे फिरवत राहिली, फिरवत राहिली, गालाची हाडं वरखाली होत राहिली. शेवटी तिनं ताटलीत थुंकलं. दाणे ताटलीवर टणटण वाजले. एकही फुटलेला नव्हता, एकही ओला नव्हता.

"अगाई," उषाबाई म्हणाली.

"पाहा सगळ्याइनं," मनकर्णाबाई म्हणाली. खुर्चीचा हात धरून ती उठली, लंगडत स्वयंपाकघरात गेली, कोठीचं झाकण उघडलं. आता शेवटचा घाव. तिनं दोन्ही हात आत घातले आणि गंज वर ओढला. वळ्यांवरून, काठावरून तांदूळ खाली सांडत राहिले. तसाच तो दोन्ही हातांत धरून ती बाहेर आली. बोलायचं ते तिनं किती वर्षं घोकून ठेवलं होतं: गंज तं माह्याच घरात हाये. मंग तुह्यं तोंड काहून कोरडं पडलं, सांग.

पण तिला बोलायची वेळच आली नाही. तांदूळ गळणारा तो गंज बघून गोदावरीबाई मटकन खाली बसली.

"तुले कोनं सांगितलं?" ती म्हणाली.

"काय?"

"धानाच्या ढोलीतून निंगाला म्हनून. कोनं सांगितलं तुले? आमच्या घरातून बाहेर गेली नाई थे गोष्ट."

मनकर्णाबाईच्या हातातला गंज एकदम जड झाला. तिला काही सुचेना म्हणून ती गप्प राहिली आणि तिच्या गप्प राहण्यानंच गोदावरीबाईचं उरलंसुरलं बळ गेलं. सगळं बाहेर आलं. त्यांच्या घरात रीत होती. ढोलीत, म्हणजे धान साठवायच्या मोठ्या कणगीत, नवं धान भरण्याआधी तळाशी जुनं धान ठेवायचं, म्हणजे ढोली कधी रिकामी राहत नाही. दरवर्षी ते टोपलीत ठेवायचे. त्या वर्षी तिच्या सासूनं, टोपली हाताशी नव्हती म्हणून, गंजात ठेवलं आणि बुढी विसरून गेली. वरून गाडीभर धान ओतलं गेलं. उन्हाळ्यात ढोली उपसली तेव्हा तळाशी गंज.

"मंग?"

"मंग काय. मालक म्हनले, आता तोंड उघडाचं नाई. गावाले काय तोंड दाखवाचं? गंज मोडीत देऊन टाकला."

"उन्हाळ्यात," मनकर्णाबाई म्हणाली. "त्याच उन्हाळ्यात?"

"हो."

त्या उन्हाळ्यानंतर तेजराम वीस वर्षांच्या वर जगला होता. भंडारा ते कारधा, मध्ये एक पूल. बाजाराच्या दिवशी गावचं कुणी ना कुणी भेटायचं. एक निरोप पुरला असता. तिनं पोटात धरून ठेवलेला राग आजवर एका मापाचा होता. आता त्याला मापच राहिलं नाही. ताटली उचलून त्या म्हातारीच्या तोंडावर फेकावी, असं तिला वाटलं. ते तिनं केलं नाही. तिनं त्याहून वाईट केलं.

"ऊठ," ती म्हणाली. "मले नोको सांगू. मले तं मालूम होतं मी चोट्टी नाई. त्याले सांग."

गोदावरीबाईनं भिंतीकडं पाहिलं. फोटोत तेजराम, टोपी घातलेला, फोटो काढताना काढतात तसा गंभीर चेहरा. ती भिंतीला धरून उठली, फोटोसमोर उभी राहिली आणि पुटपुटली, "तेजराम, गंज तुह्या बायकोनं नोहता घेतला."

"जोऱ्यानं सांग. त्याले कमी आयकू येत होतं."

"तेजराम! गंज तुह्या बायकोनं नोहता घेतला!"

"आनखी जोऱ्यानं."

तिसऱ्यांदा गोदावरीबाई ओरडली तेव्हा तिचा आवाज फाटला आणि समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. उषाबाईनं पदर तोंडाला लावला. मनकर्णाबाई गंज छातीशी धरून उभी होती. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेव्हा खुशबू हलली. तिला सगळे विसरूनच गेले होते. ती टीपॉयजवळ आली, ताटलीतून तांदळाची चिमूट उचलली, तोंडात टाकली आणि मनकर्णाबाईच्या डोळ्यांत बघत चावायला लागली. सावकाश, बारीक. मग तिनं नुकत्याच झाडलेल्या फरशीवर, मनकर्णाबाईच्या पायांपुढं, सगळा चोथा थुंकला. ओला, पांढरा, पिठासारखा.

"पाहून घ्या काकू. वला हाये. गंज तुमीच लपवला, अन् सगळं मालूम असून मले उभं केलं." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "तुमाले थ्याइनं चोट्टी म्हनलं, तवा थ्याइले मालूम नोहतं. तुमाले मालूम होतं. आता पुसा हातानं."

ती निघून गेली. सासूचा हातही तिनं धरला नाही. गोदावरीबाई चपला पायात अडकवत तिच्यामागं गेली. उषाबाईनं आणि बाकीच्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं आणि त्याही बोलायला कुठंतरी गेल्या. संध्याकाळच्या आत ही गोष्ट सगळ्या लेआउटमधल्या कामवाल्या बायांना कळणार होती आणि या दारात पुन्हा एकही पाय, लहान की मोठा, पडणार नव्हता. रीनाला आता दुसरीला विचारायचीही सोय राहिली नाही.

मनकर्णाबाईनं गंज फळीवर ठेवला. भरलेली बादली तशीच होती. ती भिंतीला हात लावून खाली बसली, डॉक्टरनं नको सांगितलं होतं तशी, उकिडवी. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. तिनं फडक्यानं फरशीवरचा तो चोथा पुसला. पुन्हा पुसला. चिकट होता, जाईना. खुशबूचं बोलणं कानातून जाईना तसाच. तिला पश्चात्ताप झाला का? पोरीचा झाला, म्हातारीचा अजिबात नाही, आणि दोन्ही एकाच फडक्यात कसं पिळायचं ते तिला कळेना.

तिनं मान वर करून फोटोकडं पाहिलं.

"आयकलं नं?" ती म्हणाली.

तेजरामनं, जिवंतपणी करायचा तसंच, ऐकू न आल्यासारखं केलं. तिनं फडकं बादलीत बुडवलं, घट्ट पिळलं आणि राहिलेली फरशी पुसायला घेतली.